आवाज नाही

“हे बघा, आत्ता वाजलं! ऐकलंत ना, काका?” ड्रायव्हर वरून ओरडला.

गाडी लोखंडी घोड्यांवर उचलून ठेवली होती आणि चारही चाकं अधांतरी फिरत होती. खाली खड्ड्यात उभा असलेला मेकॅनिक लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सला टेकवून, मूठ कानाशी धरून ऐकत होता. एकतीस वर्षं त्याने दवाखान्याच्या गाड्यांचे रोग असेच हुडकले होते, म्हणून गॅरेजात त्याचं नाव पडलं होतं कानसेन. मोठे साहेबही त्याच नावाने हाक मारत. आईबापांनी ठेवलेलं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं.

आणि कानसेनला काहीही ऐकू येत नव्हतं.

तसा तो ठार बहिरा नव्हता. समोर बसून कुणी बोललं की ओठांवरून, अंदाजाने निभावून जाई. पण इंजिनाच्या घरघरीआड लपलेली बारीक खटखट दोन वर्षांपासून त्याला सोडून गेली होती. हे एकट्या बायकोला ठाऊक होतं. ती घरात ओरडून बोलायची. शेजारीण विचारायची, “काय हो, रोज रोज कसली भांडणं?” तर ही हसून म्हणायची, “आमचे हे फार भांडखोर!” नवऱ्याची झाकली मूठ राहावी म्हणून त्या माउलीने स्वतःच्या संसाराची बदनामी करून घेतली होती.

“नेमकं कधी वाजतं?” कानसेनने विचारलं. हल्ली तो गाडीला कमी आणि ड्रायव्हरांना जास्त विचारायचा.

“चढावर. चारी चाकांना जोर दिला की खट् खट् खट्, कुणी दार ठोठावल्यासारखं. वरच्या वस्तीच्या रस्त्याला भीती वाटते हो.”

इंजिन बंद करायला लावून कानसेनने पुढच्या चाकांना फिरवणारा दांडा, पुढचा शाफ्ट, हाताने हलवून पाहिला. घट्ट होता. मागचा हलवला, तर त्याच्या जोडावरचा अधिकच्या चिन्हासारखा तुकडा, क्रॉस, पडायला आलेल्या दातासारखा डुगडुगला. सापडला! त्याला हायसं वाटलं, आणि घात तिथेच झाला. आतून गंजून आखडलेला क्रॉस हाताला घट्टच लागतो, तो फक्त कानाला सापडतो, हे त्यानेच आजवर कितीजणांना शिकवलं होतं.

मागचा क्रॉस बदलून झाला. गॅरेजचा रिवाज असा, की काम झालं की ड्रायव्हर आणि मेकॅनिक दोघांनी गाडी मागच्या चढावर नेऊन बघायची. मेकॅनिकने चिठ्ठीवर ‘काम झालं, आवाज नाही’ असं लिहून सही केल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर पडत नसे.

चढाच्या मध्यावर ड्रायव्हरने मान तिरकी केली. त्याच्या कपाळावर आठी उमटली. कानसेनला ती स्पष्ट दिसली. ‘वाजतंय का रे?’ एवढे तीन शब्द विचारायचे होते. पण कानसेनने ड्रायव्हरला विचारायचं? जीभ उचलेना. त्याने मान हलवली.

“गेला आवाज.”

“गेला?”

“गेला म्हणतो ना!”

“तुम्ही म्हणताय म्हणजे गेलाच,” ड्रायव्हर म्हणाला. कपाळावरची आठीही गेली.

चौथ्या दिवशी वरच्या वस्तीवरून बाळंतिणीला तान्ह्या बाळासकट आणताना खड्या चढावर पुढचा शाफ्ट तुटला. गाडी जागीच अडकली. ड्रायव्हर आणि त्या बाईचा नवरा, दोघांनी स्ट्रेचर खांद्यावर घेऊन दोन तास पायपीट केली. बाळ वाचलं. आई वाटेतच गेली.

गाडी ओढून गॅरेजात आणली. कानसेनने तुटलेला क्रॉस हातात घेतला. आत ग्रीसचा थेंब नव्हता. बोटांना गंजाची लाल भुकटी लागली. ती पुसायचंही त्याला सुचलं नाही.

ड्रायव्हर पायरीवर बसला होता. “काका, एक सांगू? त्या दिवशी चढावर मला वाजल्यासारखं वाटलं होतं. पण तुम्ही मान हलवलीत. म्हटलं, माझेच कान वाजतायत.”

त्याच्या बोलण्यात आरोपाचा लवलेश नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“उद्या चौकशी आहे,” तो पुढे म्हणाला. “चिठ्ठीवर ‘आवाज नाही’ लिहिलंय. म्हणजे गाडी ठणठणीत होती, मीच दामटली, असं म्हणतात. नोकरी जाणार बहुतेक.”

घरी कानसेनने बायकोला सगळं सांगितलं. त्या दिवशी ती ओरडली नाही. जवळ येऊन, त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, “आणि गप्प राहिलात तर?”

“तो जाईल. पोराबाळांचा माणूस आहे.”

तिने त्याच्या लाल भुकटी लागलेल्या बोटांकडे बघितलं. “मी इतके दिवस कुणाला कळू दिलं नाही. आता तुम्हीच सांगा.”

चौकशीच्या खोलीत लांब टेबल होतं. पलीकडे मोठे साहेब आणि लिहून घेणारा कारकून. भिंतीशी ड्रायव्हर उभा होता, हात बांधून. साहेबांनी कागदात मान घालूनच काहीतरी विचारलं. ओठ दिसले नाहीत. खोली वाट बघत राहिली. साहेबांनी पुन्हा विचारलं.

दोन वर्षांत कानसेन सतरा युक्त्या शिकला होता. खोकायचं, हसायचं, ‘हो साहेब’ म्हणून टाकायचं. ‘हो साहेब’ अगदी ओठांवर आलं होतं.

“साहेब, मोठ्याने बोला,” तो म्हणाला. “मला ऐकू येत नाही. चिठ्ठी लिहिली त्या दिवशीही येत नव्हतं. गाडी वाजत होती. याला ऐकू येत होतं, मला नाही.”

कारकुनाचा हात थांबला. ड्रायव्हर काहीतरी बोलला. ओठांवरून कानसेनला तेवढं कळलं, ‘काका’.

मोठ्या साहेबांनी पगारपत्रक पुढे ओढलं, त्यावरून बोट फिरवलं, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली. खोलीबाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

ती त्याला स्वच्छ ऐकू आली.