ज्याच्यावर सगळे बसले होते ते

वाद्यवृंदात तिला सगळे मधली म्हणत. घरी तीन बहिणींत ती मधली, आणि इथे वाजवायची व्हायोला, म्हणजे वर किणकिणणारी व्हायोलिनं आणि खाली घुमणारे चेलो यांच्या मधली. देवाने एखाद्याला मधे टाकायचं ठरवलं की मग तो हात आखडता घेत नाही.

थोरली बहीण तीनदा कार्यक्रमाला येऊन बसली होती. तिसऱ्यांदा बाहेर पडताना म्हणाली, "अगं, तुझं ते वाजतं तरी कधी? मला तर नुसतं दिसतं!"

शाळांचे कार्यक्रम शुक्रवारी सकाळी असत. अर्धाच वाद्यवृंद जायचा, कारण बस एकच आणि त्यात मोठा ढोल म्हणजे तीन माणसांची जागा. शास्त्रीय संगीताची पोरांना गोडी लागावी म्हणून ही वारेमाप खटपट. शाळेचं सभागृह म्हणजे व्यायामशाळाच. बासरीवाल्याच्या डोक्यावर बास्केटबॉलची जाळी, भिंतीला गुंडाळून ठेवलेला चढायचा दोर, आणि फरशीला असा वास की नाक आपोआप शिस्तीत यावं.

पुढे उभे काडीमास्तर. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण हातात काडी घेऊन चाळीस माणसांना नाचवणाऱ्याला पोरं दुसरं काय म्हणणार? त्यांच्या काडीचा वारा एवढा की पहिल्या रांगेतल्या पोरांना दुसऱ्या दिवशी सर्दी. आणि एकदा ट्रॉम्बोनवाल्याने फुंकताना असा काही जोर लावला, की बाहेर टांगलेली शाळेची घंटा आपसूक वाजली. अर्धी शाळा दप्तरं उचलून घरी गेली. शिपाईमामा त्यांना गोळा करत हिंडले, तेव्हा दोन पोरं जेवून झोपलीसुद्धा होती. खोटं वाटत असेल तर शिपाईमामांना विचारा, अजून त्यांची पाठ दुखते.

काडीमास्तरांची पोरांना वाद्यं ओळखायला लावायची एक पद्धत होती. प्रत्येक वाद्याला एक प्राणी. व्हायोलिन म्हणजे चिमणी, चेलो म्हणजे अस्वल, त्याहून मोठं ते हत्ती, ‘बसून’ नावाचं ते लांब नळीचं वाद्य म्हणजे सर्दी झालेलं बदक. मास्तर नाव घ्यायचे, वाजवणारा उठून दोन ओळी वाजवायचा, पोरं टाळ्या पिटायची. व्हायोलाचं नाव मात्र ते घ्यायचेच नाहीत. मुद्दाम नव्हे, त्यांची नजरच चिमणीवरून थेट अस्वलावर उडी मारायची. एकदा एका पोराने बोट दाखवून विचारलं, तर मास्तर म्हणाले, "तेही व्हायोलिनच बाळा, जरा जास्त जेवलेलं." सगळे हसले. मधलीही हसली. हसायची तिला सवय होती.

तिचं वाजवणं ऐकणारं माणूस अख्ख्या जगात एकच होतं. त्याला सगळे शेजारी म्हणत, कारण तो तिच्या शेजारच्या खुर्चीत बसून व्हायोला वाजवायचा. दोघांत एक स्टँड, दोघांत एक वही. पान उलटायचं काम आतल्या बाजूच्याचं, म्हणजे त्याचं. पान संपत आलं की तो तारांवरचा गज खाली घ्यायचा, अंगठा जिभेला लावायचा आणि पान उलटायचा. तेवढं क्षणभर व्हायोला म्हणून ती एकटीच उरायची.

"त्या क्षणासाठी तर मी येतो," तो म्हणायचा. "एरवी माझ्याच आवाजात तुमचा बुडतो."

"अहो शेजारी, पुरे. पानाकडे बघा."

"पान पाठ आहे मला, मधलीबाई."

त्याचे कान म्हणजे काय सांगावं! एकदा ताप होता म्हणून तिचा गज जरा हलका पडत होता. हा त्या वेळी आवारापलीकडच्या नळावर पाणी पीत होता. तिथून ओरडला, "बाई, आज घरी जा!"

आणि तेच कान गेले. हळूहळू गेले, म्हणून जास्त वाईट. आधी बासरी गेली, मग व्हायोलिनं, मग एका शुक्रवारी पान उलटल्यावर तो म्हणाला, "आज तुम्ही नाही आलात." ती तर शेजारीच बसून वाजवत होती. मग त्याची मुलगी येऊन त्याला आपल्या गावी घेऊन गेली. फोनवर बोलायची सोय नव्हती, त्याला ऐकूच येत नव्हतं. आणि समोरासमोर जे बोलायचं ते दोघांनी इतकी वर्षं वहीकडे बघतच टाळलं होतं.

शाळेच्या बसमध्ये आता व्हायोला एकच. पान मधली स्वतःच उलटायची, आणि उलटेपर्यंत गाण्यात मधोमध भोक पडायचं. पहिल्यांदा तिला दरदरून घाम फुटला. मास्तर आता काडी फेकून मारतात, असं वाटलं. पण मास्तरांनी काही केलं नाही, कुणी वळूनही पाहिलं नाही. दुसऱ्या शुक्रवारी तेच, तिसऱ्या शुक्रवारी तेच.

तेव्हा तिच्या मनात ते आलं. थोरली किती दिवस म्हणत होती, "सोड ते आणि ये इकडे. दोघी अंगणात बसून मटार सोलू, निदान त्याचा आवाज तरी येतो." मधलीने ठरवलं, यंदाच्या शेवटच्या शाळेत आपण थांबून बघायचं. पान उलटण्यापुरतं नव्हे, चांगलं थांबायचं. एका जरी माणसाला कळलं तर राहायचं. नाही कळलं तर व्हायोला पेटीत, आणि आपण मटारापाशी.

त्या शाळेत चिमणी झाली, अस्वल झालं, हत्ती झाला. मग मास्तरांनी ते संथ गाणं सुरू केलं, ज्यात व्हायोलिनं वर गळा काढतात आणि व्हायोला खाली नुसती उठबस करते. पानाचा तळ आला. ते पान कोपऱ्याशी काळवंडलं होतं, शेजाऱ्याच्या अंगठ्याने कागद मऊ झाला होता. मधलीने तिथे बोट ठेवलं, पण उलटलं नाही. गज तारांपासून केसभर वर उचलला आणि तसाच हवेत फिरवत राहिली.

व्हायोलिनं गात राहिली. चेलो घुमत राहिले. काडीमास्तर डोळे मिटून डोलत होते. तिसऱ्या रांगेत दोन पोरं एकमेकांच्या बुटांच्या नाड्या बांधत होती. छताखाली घुसलेली एक खरी चिमणीदेखील हलली नाही. मधलीला वाटलं, आपण मेल्यावरही असंच होईल, फक्त तेव्हा गज धरून हात दुखणार नाही.

गाणं संपलं. टाळ्या झाल्या. तिने खुर्चीखालची पेटी ओढून उघडली.

"आता प्रश्न विचारा," मास्तर म्हणाले.

"ढोल किती किलोचा?"

"काडी मोडली तर तुम्ही काय करता?"

"पेन्सिल घेतो," मास्तर म्हणाले. "पुढचा?"

एक मोजा घसरलेली एक मुलगी उठली. सबंध कार्यक्रमभर ती फ्रॉकचं बटण पिळत खाली बघत बसली होती. बाईंनी दोनदा दटावलंही होतं. म्हणाली, "ते मधेच का गेलं?"

"काय गेलं बाळा?"

"ते. वरचं नाही, खालचं पण नाही. ज्याच्यावर सगळे बसले होते ते. ते गेलं, मग सगळे लोंबकळत होते."

मास्तरांनी वाद्यवृंदाकडे पाहिलं. वाद्यवृंदाने जमिनीकडे पाहिलं. हत्तीवाला दयाळू माणूस, तो म्हणाला, "माझी खुर्ची करकरली असेल."

"खुर्ची नाही," मुलगी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, खोटं ठरवल्यावर पोरांचे भरतात तसे.

मधली उठली. इतक्या वर्षांत शाळेत ती पहिल्यांदाच उठत होती.

"खुर्ची नव्हे. मी गेले होते," ती म्हणाली.

"म्हणजे?" मास्तरांची काडी खाली आली.

"म्हणजे वाजवलं नाही मी, मास्तर. मुद्दाम. काय ओरडायचं ते बसमध्ये ओरडा." आणि मुलीकडे वळून म्हणाली, "हे होतं का ते?" तिने पानाच्या तळापासून एकटीनेच वाजवलं. एकटं वाजवायला ते लिहिलेलंच नव्हतं. जाड, बुटकं, एकाच जागी पाय आपटणारं. पोरं खिदळली.

"घुबड!"

"म्हातारा उंट!"

"हो, हेच," मुलगी म्हणाली आणि खाली बसली. मोजा वर ओढला.

बसमध्ये मास्तर ओरडले. जरा कमीच ओरडले, कारण त्यांना स्वतःला कळलं नव्हतं हे सगळ्यांना कळलं होतं. त्यांनी व्हायोलाला उंट देऊन टाकला. ट्रॉम्बोनवाला म्हणाला, "अभिनंदन. आमच्याकडे तर नुसतं गाढव आहे." मधली खिडकीतून बाहेर बघत होती. शेजारची जागा रिकामी होती. तिथे पेटी ठेवायची तिची सवय, पण आज तिने पेटी मांडीवरच धरली. पोटात एवढी मोठी गोष्ट, आणि ज्याला सांगायची त्याच्या कानांना कुलूप.

घरी पोचल्यावर तिने तरीही फोन लावला. शेजाऱ्याच्या मुलीने उचलला.

"मावशी? बाबांना ऐकू येत नाही हो फोनवर."

"तू सांग त्यांना. सांग, शाळेत मी वाजवायची थांबले, आणि एका मुलीला कळलं."

"एवढंच?"

"एवढंच."

पलीकडे खुर्ची सरकली. मग मुलगी जिवाच्या आकांताने ओरडू लागली, "बाबा! मधली मावशी! वाजवताना थांबली! एका मुलीला कळलं! मुलीला! कळलं!"

मधलीने फोन कानाला इतका दाबला की कानातली बाळी टोचली. मग लांबून, ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात, त्याने विचारलं,

"कुठल्या पानावर?"

ती उठली, पेटीतून व्हायोला काढली, वही स्टँडवर लावली आणि ते पान उघडलं. फोन शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला. पलीकडे काही ऐकू जाणार नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. तरी तिने पानाच्या तळापासून सुरुवात केली.