इकोमधलं लाल

मी गुणाजी. चाळीस वर्षं बोटीवर तांडेल होतो. तांडेल म्हणजे ज्याच्या शब्दावर बोट चालते तो. त्यामुळे मला एक खोड लागली. 'मला माहीत न्हाय' असं मी जन्मात कुणाला म्हटलं नाही. अलिबागच्या दवाखान्यात ही खोड मला कशी नडली, तेच सांगतो.

माझी नात रुचिता नऊ वर्षांची. शाळेत तपासणीला डॉक्टर आले होते. सगळ्या पोरांच्या छातीला नळी लावत लावत हिच्यापाशी आले आणि थांबले. पुन्हा लावली. मग चिठ्ठी दिली, टूडी इको करून घ्या. माझी सून नूतन ती चिठ्ठी घेऊन घरात आली ती चपला न काढताच. आणि मला एकेक आठवायला लागलं. पोर लंगडी खेळता खेळता मध्येच धापा टाकत बसायची, जिना चढताना थांबायची. मी सगळ्या वाड्यादेखत ओरडायचो, "आळशी हाय ही! बापावर न्हाय गेली, आईवर न्हाय गेली, कुणावर गेली कोण जाणे!" आता स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

पण तोंड गप्प बसेल तर शपथ. नूतनला म्हणालो, "घाबरतेस काय? माझं अर्धं आयुष्य इकोसमोर गेलं. मला वाचता येतो तो."

तसं ते खोटं नव्हतं. बोटीवर मासळी शोधायचं मशीन असतं, त्याला आम्ही इकोच म्हणायचो. ते खाली पाण्यात आवाज सोडतं, तो आवाज तळाला नाहीतर मासळीला आपटून परत येतो आणि पडद्यावर रंग उमटतात. रिकामं पाणी निळं. दाट मासळी लाल. लाल दिसलं की खलाशी नाचायचे, आणि मी जाळं सोडायला सांगायचो. माझं लाल कधी चुकलं नाही.

दवाखान्यात आमचा नंबर चौदावा. नूतन दर दोन मिनिटांनी फाइल उघडून बंद करत होती. तिचा नवरा, माझा केतन, त्याच दिवशी बोट घेऊन बंदराला लागणार होता, म्हणून दुसऱ्या हातात फोन. रुचिता मध्ये बसलेली.

"आजोबा, इको दुखतो?"

"छ्या! आवाजच तो. आवाज कुठं दुखतो काय?"

"भजनात तुम्ही चंदरकाकावर ओरडता, इको कमी कर म्हणून, तोच का हा?"

"व्हय, तोच." आमच्या भजनी मंडळाच्या माइकवर चंदर बसतो. एकदा विठ्ठल म्हटलं की त्याच्या स्पीकरमधून चार विठ्ठल बाहेर पडतात, शब्द म्हणून कळत नाही.

"मग एकच शब्द माइकलापण, बोटीलापण आणि माझ्या छातीलापण कसा?"

घ्या! पण मला हे माहीत होतं. सातवीत आमची सहल माथेरानला गेली होती. दरीच्या कडेला उभं राहून आम्ही आपापली नावं बोंबललो, ती समोरच्या डोंगरावरून परत आली. तेव्हा तुळशीराम गुरुजींनी सांगितलं होतं, की इको हा शब्द मुळात इंग्रजांचाही नाही, ग्रीक लोकांचा. त्यांच्या गोष्टीत इको नावाची एक मुलगी होती. तेच मी रुचिताला सांगायला लागलो. "लय बडबडी होती, तुझ्यासारखी. एक देवी तिच्यावर चिडली आणि शाप दिला, की तू आपणहून काय बोलायचं न्हाय. दुसरा बोलेल त्याचं शेवटचं तेवढं परत बोलायचं."

"मग?"

मग ती मुलगी झुरत गेली. अंगावरचं मांस गेलं, रक्त गेलं, मागे नुसता आवाज उरला. गोष्ट अशीच आहे. सांगायला तोंड उघडलं आणि फ्रॉकच्या गळ्यातून वर आलेलं रुचिताचं हाड दिसलं. पुढची गोष्ट मी गिळली.

"मग काय... नंबर आला बघ आपला."

नंबर आला नव्हता. अकरावा चालू होता. मी उगाच उठून दारावरच्या माणसाशी भांडलो, की एवढा वेळ लागतो काय, मासे मोजताय काय आत?

अखेर पुकारा झाला. सोबत एकच जण, तो माणूस मुद्दाम माझ्याकडे बघून म्हणाला. नूतन उठली आणि परत बसली. "बाबा, माझ्याच्यानं न्हाय बघवणार. तुम्ही जा, तुम्हाला कळतं ते."

आत अंधारी खोली. डॉक्टरीण बाई तरुण होत्या. त्यांनी रुचिताला कुशीवर निजवलं, छातीला गार जेली लावली आणि यंत्राचा दांडा फिरवायला लागल्या. पडद्यावर काळंपांढरं काहीतरी उघडझाप करत होतं. माझ्या नातीचं काळीज ते. माझे डोळे भरून आले. मग बाईंनी एक बटण दाबलं आणि रंग आले. निळा आला, म्हणजे रिकामं, माझा धीरच सुटला. आणि मग बरोबर मधोमध, लालभडक! दाट लाल, ठोक्यागणिक उसळणारं.

"लाल हाय!" मी ओरडलोच. "रुचे, लाल हाय बघ, आपल्या बोटीवरच्या इकोसारखं, भरलेलं हाय!" पोर हसली. मी दाराचा पडदा बाजूला करून बाहेर तोंड काढलं. "नूतन, काळजी मिटली! सगळं झ्याक हाय!" नूतननं तिथंच हात जोडले आणि रडत रडत केतनला फोन लावला.

"आजोबा," बाई मागून म्हणाल्या, "इकडे या. बसा."

मी बसलो.

"हा तुमच्या बोटीवरचा इको नाही. इथं लाल म्हणजे रक्त कुठल्या बाजूला चाललंय ते. आणि या ठिकाणी ते दिसायलाच नको. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांच्या मधल्या पडद्याला भोक आहे. चौदा मिलिमीटर." माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी आवाज उतरवला. "बुजवता येतं. बहुतेक छाती उघडायलाही लागणार नाही, पायाच्या शिरेतून जाऊन झाकण बसवतात. पण मुंबईला न्यावं लागेल. अंगावर काढू नका."

रुचिता माझ्याकडे बघत होती. तिचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं.

सत्तरी गाठलेला माणूस मी. उलट्या वाऱ्यातून बोटी काढल्या, पण तो दाराचा पडदा बाजूला करायला माझा हात उठेना. बाहेर नूतन फोनवर हसत होती. तीन दिवसांत पहिल्यांदा.

"नूतन, मी चुकलो. मला त्यातलं काय कळत न्हाय." मग बाईंनी सांगितलं ते जसंच्या तसं सांगितलं. फोन तिच्या कानालाच राहिला. आतून केतनचा आवाज येत होता, हॅलो, हॅलो. ती फाइल उचलून माझ्या बाजूनं आत रुचिताकडे गेली. मला चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

एसटी स्टँडवर नूतन तिकडे उभी राहून केतनला फोनवर सगळं समजावत होती. मी आणि रुचिता बाकावर.

"आजोबा, त्या मुलीचं पुढं काय झालं? तेव्हा आपला नंबर आला नव्हता, मला माहितीये."

"मला माहीत न्हाय, बाळा."

"तुम्हाला माहीत न्हाय?" तिनं डोळे मोठे केले. मग थोडा विचार केला. "मला माहितीये. तिलापण मुंबईला नेली. भोक बुजवलं. मग ती पहिल्यांदा आपणहून बोलली."

"काय बोलली?"

तिनं माझ्या धोतराचा काठ बोटाला गुंडाळला, सोडला.

"म्हणाली, आजोबा, मी आळशी नव्हते."