पिशवी कोणाची?

आष्टी गावातले जीवन आणि आमेर हे दोघे मित्र भागीदारीत सीताफळांचा व्यापार करत. दिल्लीच्या एका व्यापाऱ्याने बोलावलं, तेव्हा दोघं पहिल्यांदाच विमानाने निघाले. दोघांच्या खांद्याला एकाच दुकानातल्या सारख्या पिशव्या.

विमानतळावर तपासणीत त्यातली एक पिशवी अडकली. आत छाटणीची कात्री होती. ती जीवनची, बागेतून परस्पर निघताना काढायची राहिली होती.

“पिशवी कोणाची?” अधिकाऱ्याने विचारलं. दोघांची ओळखपत्रं पाहिली आणि उत्तराची वाट न बघता तो आमेरला म्हणाला, “तुम्ही इकडे या.”

आमेरने जीवनकडे पाहिलं. जीवन एक पाऊल मागे सरकला. आमेरला बाजूच्या खोलीत नेलं. टोपी, बूट काढायला लावले. कुठे जाता, कोणाला भेटता, घरी कोण कोण, प्रश्न संपेनात.

बऱ्याच वेळाने जीवन कसाबसा पुढे झाला. “साहेब, पिशवी माझी आहे.”

अधिकारी हसला. “शेतकरी दिसता. राहतं चुकून.” त्याने कात्री ठेवून घेतली आणि दोघांना सोडलं. जीवनला एकही प्रश्न विचारला नाही. विमान मात्र गेलं होतं. दोघं तसेच गावी परतले.

घरी जीवनने आईला, सत्यभामाबाईंना, सगळं सांगितलं. “त्या सायबानं लई वाईट केलं.”

“केलंच. तपासायचं तर दोघांलाबी सारखं तपासायचं, नाव बघून कशाला? पण तुला ठावं होतं ना पिशवी कुणाची ते? तू कावून गप बसलास?”

“भ्यालो, आई.”

“तू घडीभर भ्यालास. त्याला दर बारीला भ्यावं लागत असंल.”

दुसऱ्या दिवशी जीवन आमेरकडे गेला. “चुकलो, आमेर. आपण तक्रार करू. मी खरं काय ते सांगतो.”

“कर तक्रार. पण सायबाचं मला एवढं वाटलं न्हाई बे. तो मला वळखत नव्हता. तू तर वळखत होतास.”

जीवनने तक्रार केली. उत्तर अजून आलेलं नाही. व्यापार चालू आहे, पण दिल्लीला आता जीवन एकटाच जातो.

मित्रहो, तपासणी हवीच, पण ती सगळ्यांची सारखी हवी. नावावरून माणूस गुन्हेगार ठरत नाही. आणि शेजारच्यावर अन्याय होताना खरं आपल्याला माहीत असेल, तर ते तिथेच, त्याच क्षणी बोलायला हवं. जीवन बोलला, पण उशिरा. त्या उशिराची भरपाई त्याला अजून करता आलेली नाही.