मला लाथ मार, बेरमेत

मी भिंत बोलतेय. बिश्केकच्या जुन्या तरणतलावाची, खोल बाजूची भिंत. एरवी मी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण आज माझं डोकं फिरलंय, तेव्हा ऐकून घ्या.

माझा जन्मच मुळी लाथा खायला झाला. गवंड्यांनी मला उभं केलं, पाय घसरू नयेत म्हणून खडबडीत फरशा बसवल्या, मधोमध काळी फुली काढली. त्यातला एक हसत म्हणाला, "घे बाई, आता जन्मभर लाथा खा." मला जराही वाईट वाटलं नाही. पोरं सुसाट पोहत येतात, माझ्यापाशी पाण्यातच कोलांटी घेतात, दोन्ही पाय माझ्यावर रोवतात आणि मला लाथाडून बाणासारखी सुटतात. ती लाथ नीट बसली की बरं वाटतं. तेवढंच तर माझं काम.

मधे देश बदलला, बॉयलर बंद पडला आणि मला कोरडं टाकून दिलं. कुणीतरी माझ्या पायाशी बटाट्याची पोती रचली. बटाट्याची! कितीतरी हिवाळे मी त्या कुबट वासात काढले, एक लाथ म्हणून मिळाली नाही. पुढे पाणी परत आलं, पण निखळलेल्या फरशा धड बसवायला कुणाला सवड नव्हती. तो राग अजून पोटात आहे.

आणि मग आली ही बेरमेत.

इस्सिक-कुल तळ्याकाठच्या मेंढपाळाची पोर. तळ्यात वाढलेली, त्यामुळे पोहण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. खेळाडूंच्या वसतिगृहात तिला जागा मिळाली आणि तिचे मास्तर एसेन अगाय आठवडाभर खुशीत होते. पण तळ्याला भिंत नसते. वळायचं कसं, हे तिला कधी शिकावंच लागलं नव्हतं.

झपाझप यायची, सगळ्यांच्या पुढे. माझ्याजवळ आली की बिचकायची. पाय आखडायचे. मग बोटांनी मला हलकेच शिवायची, परक्याच्या दारावर टकटक करावी तशी, आणि वळायची. तोवर बाकीची पोरं मला लाथा घालून पार पुढे गेलेली असायची.

अगाय काठावरून ओरडायचे. नाकात पाणी जाईल म्हणून भितेस का, टाचा आपटतील म्हणून भितेस का, तळ्याची मासोळी म्हणे आणि कोलांटीला घाबरते. सगळा तलाव हसायचा. ती खाली मान घालून ऐकून घ्यायची.

डोळे फुटले होते का अगायचे? हीच पोरगी पाण्याच्या मधोमध अशी कोलांटी घ्यायची की बघत राहावं. ती कोलांटीला भीत नव्हती. ती मला पाय लावायला भीत होती. मला कळलं होतं. एकदा चुकून तिची टाच मला लागली, तर ही वळून परत आली, माझ्यावर तळहात टेकवला, तो कपाळाला लावला आणि पुटपुटली, "चुकलं." तिच्या घरी, लोकरीच्या जाड नमद्यांनी मढवलेल्या गोल तंबूत, उंबऱ्याला आणि भिंतीला पाय लावायचा नाही. लावला तर घरातली बरकत निघून जाते. हे शहरातल्या पोरांसमोर सांगायचं कसं? आधीच तिच्या बोलण्याला हसत होती सगळी.

मी आतल्या आत धुमसत होते. अगं बये, मी घर नाही! मला पाहुणचार नको! पण मला तोंड कुठे होतं.

शेवटी अगायनी निर्वाणीचं सांगितलं. शनिवारच्या चाचणीत कोलांटी मारून वळली नाहीस तर सामान बांधायचं, तुझ्या खाटेवर दुसरी मुलगी येईल. आणि तिला न्यायला गावाहून आईलाही बोलावून घेतलं.

आई आली, सबिरा तिचं नाव. डोक्याला लोकरीचा रुमाल, बुटांवर तलावाच्या निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवलेल्या, हातात दह्याची बरणी. अगाय नरमाईने, थोरल्या बहिणीला हाक मारावी तसे म्हणाले, "सबिरा-एजे, पोर गुणी आहे, पण भित्री निघाली."

"ही?" सबिरा म्हणाली. "ही घोड्यावरून पडून हात मोडला तेव्हा रडली नव्हती." मग ती लेकीकडे वळली. "काय गं, काय झालंय?"

बेरमेतने माझ्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, "तूच सांगितलंयस ना, भिंतीला पाय लावायचा नाही."

कुणी हसलं नाही. अगायनी तोंडाशी नेलेली शिट्टी खाली घेतली. एवढे महिने घसा फोडून ओरडला हा माणूस, पण का घाबरतेस, हे एकदा जवळ बसून विचारलं नाही. त्याला मी कधी माफ करणार नाही.

सबिरा काठावर उकिडवी बसली आणि वाकून तिने मला नीट निरखलं. "हिच्या आत कोण राहतं? चूल कुठाय हिची?" मग लेकीला विचारलं, "नमदा करताना आपण काय करतो?"

"लोकर भिजवतो, चटईत गुंडाळतो..."

"आणि?"

"लाथा मारतो."

"घराची भिंत व्हायच्याच नमद्याला ना? लाथा खाल्ल्याशिवाय लोकर घट्ट होते का? घरावर चढला की मग पाय नाही लावायचा. ही घर झालेली नाही अजून, लोकरच आहे. मार."

मला लोकर म्हणाली! पण त्या क्षणी तिच्यावरून जीव ओवाळून टाकावासा वाटला.

चाचणी सुरू झाली. बेरमेत आली, आणि पहिल्या वळणाला तिचा एक पाय घसरला. पण ती हात टेकवायला थांबली नाही. काठावर सबिरा नमद्याच्या तालावर टाळ्या वाजवू लागली. पुढच्या खेपेला पोरगी गर्रकन फिरली आणि दोन्ही पायांनी माझ्या फुलीवर अशी लाथ हाणली की माझी एक जुनी फरशी तडकली. खाट तिचीच राहिली.

हे सगळं झालं. मग आज मी का चिडलेय?

कारण ती आज देशाच्या संघात निघाली. सामान काठावर ठेवून निरोप घ्यायला आली, वाकली, तडकलेल्या फरशीवर तळहात ठेवला, कपाळाला लावला आणि म्हणाली, "पाय लागला, माफ कर."

माफ कर? माझं सगळं आयुष्य त्या एका लाथेने सार्थकी लागलं आणि ही माफी मागते. परत ये, बेरमेत. पाण्यात उतर. हात लावलास तर खबरदार.