शेवटची अंघोळ

संघमित्राच्या अमेरिकेतल्या पार्सिपनीच्या घरात हल्ली रोज संध्याकाळी भिंतीतून खरखर ऐकू यायची. पातेल्याच्या तळाची खरवड काढताना येते ना, अगदी तशी. नवऱ्याने, ज्ञानदेवने, हीटरवाल्याला बोलावलं. तोही मान हलवून निघून गेला. आवाज कधीपासून यायला लागला, ते संघमित्राला मात्र पक्कं ठाऊक होतं.

ती एका म्युझियममध्ये जुन्या वस्तू स्कॅन करायची. तिथल्या कपाटातून एक कवटी निघाली. आजच्या नामिबियात जर्मनांचं राज्य असताना कैद्यांच्या छावणीत मेलेल्या, हेरेरो जमातीच्या एका माणसाची. संशोधनासाठी आणली होती म्हणे! आधी माणसं मारायची आणि वर त्यांची डोकी मोजत बसायचं, काय एकेक हौस साहेबांची. संघमित्राच्या पणजोबांचंही नाक नागपुरात एका गोऱ्या साहेबाने पट्टी लावून मोजलं होतं. तिला राहवेना. कवटी मायदेशी जाण्याआधी तिने कुणाला न विचारता, आपल्याकडे घालतात तशी, त्या माणसाला कोमट पाण्याने शेवटची अंघोळ घातली. कापसाने पुसून काढलं, त्रिशरण म्हटलं. आता तरी बिचाऱ्याला शांती मिळेल, असं तिला वाटलं होतं. पण त्याच संध्याकाळी घरात खरखर सुरू झाली.

कवटी न्यायला नामिबियाहून मिसेस काटूओ आल्या, चांगल्या सत्तरीच्या. संघमित्राने भीत भीत त्यांना सगळं सांगून टाकलं.

म्हातारीने कवटीवरून बोट फिरवलं. "हे ओरखडे जाणवले तुझ्या हाताला?"

"हो. मला वाटलं, जनावराचे असतील."

"काचेच्या तुकड्यांचे आहेत. डोकी उकळून आमच्याच बायकांच्या हातात द्यायचे, मांस खरवडून काढायला. कुणाच्या वाट्याला नवरा यायचा, कुणाच्या भाऊ."

"मग... यांना माझा राग आला असेल?"

"यांना कशाला येईल? झोप त्या बाईला नसेल. तू हे धुवायला-पुसायला घेतलंस आणि तिला पुन्हा त्याच कामाला बसवलंस, पोरी."

त्या संध्याकाळी पुन्हा खरखर सुरू झाली. या वेळी भिंतीतून नव्हे. तिची लेक सिया जिन्यावरून धावत खाली आली.

"मॉम, स्टॉप! इट्स ऑलरेडी क्लीन!"

संघमित्राने खाली पाहिलं. सिंकमध्ये लखलखीत पातेलं होतं आणि तिच्याच हातातला चमचा ते खरवडत होता. हात काही थांबेना. तिला रडू फुटलं.

"पुरे गं बाई," ती म्हणाली. "झालं स्वच्छ. ते घरी निघालेत. तूही जा आता."

सियाने मनगट घट्ट धरलं, तेव्हा कुठे चमचा खाली पडला. बोटं मात्र अजून हलत होती.