उपाशी ठेवलेलं यीस्ट

वर्तकनगरचं ते दोन खोल्यांचं घर आठवलं की सरोजसमोर अजूनही सगळं जसंच्या तसं उभं राहतं. आईचा तो कडप्प्याचा ओटा, फोडणीचा वास, आणि ओट्यावर मधोमध ठेवलेला काचेचा चंबू! चंबूत यीस्ट, तेच, पाव फुगवायचं.

साल अठ्ठ्याण्णव. पीएचडीचं शेवटचं वर्ष. सोमवारी निकाल दाखव, नाहीतर मुदतवाढ विसर, असं तिचे गाइड हरिहरसर यांनी तिला खडसावलेलं. आणि नेमकी शुक्रवारी कॉलेजातली वीज गेली ती येईचना; चंबू हलवत ठेवणारं यंत्र बंद, फ्रीजरही बंद. करते काय बिचारी? चंबू मांडीवर घेऊन रिक्षानं घरी आली.

"हे खातं काय गं?" आईनं, मंदाकिनीबाईंनी, विचारलं.

"काही नाही. मुद्दाम उपाशी ठेवलंय."

"अगंबाई! ते का?"

"अगं, पेशीत दोन प्रथिनं असतात. पोट भरलेलं असलं की एक दुसऱ्याला घट्ट धरून ठेवतं. उपासमार झाली की पकड सुटते. मग ते दुसरं कामाला लागतं, आणि पेशी स्वतःचेच जुने, मोडके भाग पचवून तगून राहते. ती सुटलेली पकड सरांना दाखवायचीय. मी बर्फ आणते, म्हणजे पेशी आहेत तशा थिजवता येतील. तू फक्त चंबू हलवत राहा."

बर्फ मिळायचा मासळी बाजारात. जनाबाई कोळीण तिला चांगली ओळखायची. "आजपन मावरा नको, नुसता बरफ? कसा संसार करशील गो पोरी!" असं म्हणत तिनं पिशवी भरून दिली.

सरोज परतली तर चंबूतलं पाणी पिवळं, वर हिंगाचा वास.

"आई, काय घातलंस यात?"

"वरणाचं पाणी. दोनच चमचे, गाळून. तान्ह्या बाळाला नाही का देत? बघवेना गं मला."

सरोजचा पारा चढला. "वाट लावलीस सगळ्याची! पकड परत बसली असणार आता. सोमवारी सरांना काय दाखवू, कपाळ? उपाशी जीव काय करतो, एवढंच तर बघायचं होतं मला!"

आईनं चमचा विसळून जागेवर ठेवला.

"मग मला विचारायचंस," ती म्हणाली. "बाबांची कंपनी बंद पडलेली, तू तिसरीत होतीस. माझे सोमवार, गुरुवार, शनिवार सुरू झाले, आठवतं? देवाचं काही नव्हतं त्यात. तुम्हा पोरांना पुरावं म्हणून."

सरोजनं बर्फाची पिशवी खाली ठेवली. सोमवार, सर, मुदतवाढ, सगळं डोक्यातून गेलं. आईवर आवाज चढवल्याची तिला भयंकर लाज वाटली. इतके उपास, आणि त्या अख्ख्या वर्षात घरात एकदाही साबुदाण्याची खिचडी झाली नव्हती, हे तिच्या आत्ता कुठे लक्षात आलं.