एकतीस नंबरचा प्रोग्राम

तीन वर्षांत जमीरच्या दुकानावर तीन पाट्या चढल्या. आधी मोबाईल रिपेअरिंगची, मग डिश टीव्हीची, आणि ज्या साली बोंडअळीनं दिग्रसच्या आसपासची कपाशी पोखरून टाकली त्या साली घरगुती फ्रिक्वेन्सी थेरपीची. माणूस वाईट नव्हता. पण जे विकायला आणलं ते तो आधी स्वतःच्याच गळी उतरवायचा, आणि मग गिऱ्हाइकाशी बोलताना त्याच्या तोंडावर इतका विश्वास असायचा की नाही म्हणायला जीव धजत नसे. नागपूरहून त्यानं अशी वीस यंत्रं आणली. डब्याएवढं यंत्र, त्याला दोन वायरी, वायरींच्या टोकाला तांब्याच्या दोन नळ्या. नळ्या दोन्ही हातांत धरायच्या, दुखण्याचा नंबर दाबायचा आणि हाताला बारीक मुंग्या येत असताना बसून राहायचं, झालं. कुठल्या नंबरावर कोणत्या फ्रिक्वेन्सी, किती मिनिटं, हे मात्र लॅपटॉपवरून यंत्रात भरावं लागे. ते काम त्याच्या धाकट्या बहिणीकडे, नाहिदकडे होतं.

नाहिद बीसीए झालेली. शिकली मराठी शाळेत, आणि अक्षर असं की गुरुजी फळ्यावरचा सुविचार तिच्याच हातानं लिहून घेत. सॉफ्टवेअरमध्ये तीनशे प्रोग्राम होते आणि त्यांची सगळी नावं इंग्रजीत. खेड्यातून येणाऱ्या बायाबापड्यांना त्याचा काय उपयोग? तिनं त्यातून गुडघा, कंबर, झोप, पित्त, डोळे असे तीस निवडले, यंत्रात भरले आणि मराठीत एक कागद तयार केला. नंबर, त्याच्यापुढे दुखणं, सगळ्यात खाली सूचना. कागदाला प्लास्टिक चढवलं. लोक यंत्रापेक्षा कागदाचंच कौतुक करत, आणि नाहिदला ते आवडे. आपण कोणाला तरी उपयोगी पडतो आहोत असं तिला मनापासून वाटत होतं, हे इथंच सांगितलेलं बरं. पुढं सांगितलं तर कोणाला पटणार नाही.

त्या साली कपाशी डोक्याच्या वर गेली होती आणि फवारणाऱ्याच्या तोंडावरच औषध उडत होतं. गिऱ्हाइकं विचारू लागली, फवारणीनं डोकं गरगरतं, डोळ्यांची आग होते, त्याचा नंबर कोणता? तसा नंबर नव्हता. जमीरनं दोन दिवस लोकांना परत पाठवलं, तिसऱ्या दिवशी बहिणीला म्हणाला, नसेल तर बनव की. सॉफ्टवेअरमध्ये नवा प्रोग्राम बनवायची सोय होतीच. नाव टाका, आकडे टाका, मिनिटं टाका. नाहिदनं अर्ध्या तासात एकतीस नंबरचा प्रोग्राम बनवला आणि कागदावर नवी ओळ घातली: फवारणीचा त्रास, चाळीस मिनिटं. तोवर आणखी एक तक्रार येत होती. माणसं पाच मिनिटांत नळ्या टाकून उठत आणि गुण नाही म्हणून दुकानात येऊन भांडत. म्हणून तिनं खाली ठळक अक्षरात एक सूचना वाढवली, 'सुरू केलेला प्रोग्राम अर्धवट सोडू नये.' हीसुद्धा तिच्याच मनची.

दिवाळी तोंडावर आली असताना विमलकाकू दुकानात आल्या. दहा-बारा किलोमीटरवरच्या खेड्यातल्या, पाच एकर कपाशी स्वतः उभं राहून करणाऱ्या. ऑगस्टात त्यांनीच गुडघ्यासाठी यंत्र नेलं होतं, एकतीस नंबर भरलेलं, नव्या कागदासकट. ते टॉवेलात गुंडाळून त्यांनी काउंटरवर ठेवलं आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या. त्यांचे मालक नागोराव फवारणी करताना पडले होते. यवतमाळच्या दवाखान्यात चौदा दिवस काढून आता घरी आले होते, पण डोळे गेले होते. उजेड-अंधार कळत होता, माणूस ओळखू येत नव्हता. हे सगळं काकूंनी दुसऱ्या कोणाच्या घरचं सांगावं तसं सांगितलं. दीर घरात रोज म्हणत होता की वहिनीला मशीन चालवता आली नाही म्हणून दादाचे डोळे गेले. काकूंनाही तसंच वाटत होतं. भांडायला त्या आल्याच नव्हत्या.

"तुमीच सांगतलं होतं का मशीनच्या पोटात सगळं लिहून राह्यते," त्या म्हणाल्या. "पाह्य ना पोरी. माह्यं कुठं चुकलं तेवढं सांग."

जमीर हे प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐटीत सांगत असे, आणि त्याच्या सांगण्यातली नेमकी हीच गोष्ट खरी होती. यंत्र कधी लावलं, कोणता नंबर, किती मिनिटं, सगळी नोंद आत राही. नाहिदनं वायर जोडली. पडद्यावर नागोराव पडले त्या दिवसाच्या चार ओळी आल्या. बारा चाळीस, एकतीस नंबर, पूर्ण. एक पंचवीस, एकतीस नंबर, पूर्ण. सव्वादोन, एकतीस नंबर, चौदाव्या मिनिटाला बंद. मग दीड तास काहीच नाही. चार वाजता पुन्हा एकतीस नंबर, पूर्ण.

तिनं तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून हळूच विचारलं, इथं काय झालं?

"लाइन गेलती," काकू म्हणाल्या. "ते लय तळमळून राह्यलते. आमच्या शेजारचा अमरसिंग मोटरसायकल चालू करून दारात उभा होता. दिग्रसले घेऊन जाऊ म्हने. पन कागदावर लिवलं हाय ना, अर्धवट सोडू नये. मी म्हटलं, लाइन येऊ दे, पुरं करू, मंग जाऊ." "लाइन आल्यावर पुरे चाळीस मिनिटं केले. तवर तोंडाले फेस आलता."

नाहिदनं मनात हिशेब केला. दीड तास. त्या दीड तासात मोटरसायकल दिग्रसच काय, यवतमाळला पोचली असती. पडद्यावरच्या चारही ओळी साफ सांगत होत्या की या बाईचं कुठंही चुकलं नव्हतं. कागदात लिहिलं होतं तसंच, एकही मिनिट न चुकवता तिनं केलं होतं. चुकला होता तो कागद.

काउंटरमागून जमीरनं सगळं ऐकलं होतं. त्याचा चेहरा उतरला, पण रोज गिऱ्हाइकं सांभाळणाऱ्या माणसाची जीभ चेहऱ्याच्या आधी सावरते. "काकू, नळ्या धरल्या तवा काकांचे हात ओले होते काय?" त्यानं विचारलं.

काकूंनी आठवून पाहिलं. त्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होत्या, पाणी सगळीकडे सांडत होतं. असतील ओले, असं त्या म्हणाल्या.

"मंग तेच झालं. ओल्या हातानं फ्रिक्वेन्सी उतरत नाही."

काकूंनी मान हलवली. कोणीतरी शेवटी नेमकी चूक दाखवली म्हणून त्यांना बरंच वाटल्यासारखं दिसलं. त्यांनी वळून नाहिदकडे पाहिलं आणि विचारलं, "हो ना, पोरी?" नाहिद लॅपटॉपकडे बघत राहिली. तिनं हो म्हटलं नाही, आणि त्यानंतर कितीतरी वेळ ती स्वतःची समजूत घालत होती की मी काही खोटं बोलले नाही. ही समजूत तिला स्वतःलाच पटत नव्हती. समोर बसलेली बाई नवऱ्याचे डोळे गेल्याचा दोष आपल्या पदरात घेऊन चालली होती आणि नाहिद तो घेऊ देत होती.

काकूंनी यंत्र पुन्हा टॉवेलात गुंडाळलं. दाराशी जाऊन त्या परत वळल्या.

"डोळ्याचा नंबर बारा ना? आता हात चांगले पुसून लावते. रोज लावते. एक बी दिवस सोडत नाही."

त्या गेल्या. जमीरनं पंखा वाढवला आणि बहिणीकडे न बघता म्हणाला, घडून गेलं ते परत येत नाही. नाहिदला त्याचा राग आला नाही, स्वतःची शिसारी आली. बाई आता रोज त्या आंधळ्या माणसाच्या हातात नळ्या देणार होती, हात पुसून, मिनिटं मोजून, आणि गुण आला नाही की पुन्हा स्वतःचंच काय चुकलं ते शोधणार होती. नाहिदनं भिंतीवरचा कागद ओरबाडून काढला आणि ओढणी सावरत स्टँडकडे धावली.

पुसदकडं जाणारी एसटी लागलेली होती. काकू खिडकीशी, मांडीवर यंत्र. नाहिद शेजारी बसली आणि धाप लागलेली असतानाच बोलून गेली. "काकू, तुमचं काही चुकलं नाही. ओल्या हाताचं खोटं हाय. एकतीस नंबर कंपनीचा नाही, मी बनवला. माह्या मनानं."

काकूंनी तिचा हात हातात घेतला.

"मले हलकं वाटावं म्हनून सांगून राह्यली ना माय? चांगल्या घरची पोरगी तू." त्यांनी कमरेची पिशवी सोडून नोटा काढल्या. "चाल घरी. जेवून परत येजो. दोघींचं तिकीट मी काढते."

नाहिदला भर बसमध्ये मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगूनही ती चांगलीच ठरत होती. आता बारीकसारीक सगळं सांगितल्याशिवाय सुटका नव्हती. तिनं कागद काकूंच्या मांडीवर ठेवला आणि सांगत गेली. दोन आकडे डोकेदुखीच्या प्रोग्राममधून उचलले, दोन डोळ्यांच्या, एक पित्ताच्या. कंपनीच्या प्रत्येक प्रोग्राममध्ये सहा आकडे होते, म्हणून सहावा पाहिजे होता. तो काही सुचेना.

"मंग?" काकूंनी विचारलं.

"बीसीएच्या परीक्षेत माह्या सीट नंबरचे शेवटचे तीन आकडे होते, ते टाकले." नाहिदनं कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. "अन् ते अर्धवट सोडू नये, ते बी मीच लिवलं. लोक भांडाले येत होते म्हनून. डोळ्याच्या नंबरानं बी काही होत नाही, काकू. ते लावू नका. त्यांले डोळ्याच्या डॉक्टरले दाखवा."

गाडी सुरू झाली. काकूंनी आपला हात काढून घेतला. त्या कागदावरच्या वळणदार अक्षरांकडे बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "अमरसिंगनं गाडी बंद बी केली नव्हती. दीड घंटा." त्या रडल्या नाहीत, शिवी दिली नाही. दिली असती तर नाहिदनं ती आनंदानं घेतली असती.

कंडक्टर आला. काकूंनी गावाचं नाव सांगितलं आणि म्हणाल्या, "एक." उरलेली नोट घडी करून पिशवीत परत ठेवली.

नाहिदचं तोंड भाजल्यासारखं झालं. उतरून जावं, पुढच्या थांब्यावर उतरून पायी दिग्रसला जावं, असं तिला फार वाटलं. तिनं आपल्या पर्समधून पैसे काढले आणि कंडक्टरला त्याच गावाचं तिकीट मागितलं.

खिडकीबाहेर कपाशीची बोंडं काळी पडून झाडांवरच लोंबत होती. काकू तिकडेच तोंड करून बसल्या होत्या. मान न वळवता त्या बोलल्या.

"त्यांले आता दिसत नाही. तू आली हे तुले तोंडानं सांगा लागन."